मैत्रिणीच्या नणंदेची हिऱ्याची अंगठी घेऊ का?

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी सांगलीत एका सहकारी बँकेत नोकरी करते. पुढच्या वर्षी लग्नाला पंचवीस वर्षं होतील. आरडीचे दीड लाख हातात येणार आहेत, आणि त्यातून स्वतःसाठी हिऱ्याची अंगठी घ्यायची फार दिवसांची इच्छा आहे. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणीची नणंद कॅनडाला चालली आहे. ती तिची सॉलिटेअर, म्हणजे एकाच हिऱ्याची, अंगठी विकतेय. २०१९ची पावती १ लाख ६० हजारांची आहे, ती १ लाख ४० ला द्यायला तयार आहे. "सोनं तेव्हापासून तिप्पट झालंय, घरातली म्हणून देतेय" असं म्हणते. जीआयए या हिरे तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेचं सर्टिफिकेट आहे, पावती मात्र तिच्या नवऱ्याच्या नावावर आहे. दोन्हींचे फोटो सोबत पाठवते. दुसरं म्हणजे आमच्या शेजारच्या काकू त्यांच्या सात हिऱ्यांच्या जुन्या कुड्या विकायचं म्हणतायत. त्या १९६२च्या सुमारास घडवल्याचं सांगतात, पण त्यांचा कागद काहीच नाही. सासूबाई म्हणतात, दुसऱ्याच्या अंगावरचा हिरा घेऊ नये, लाभत नाही. आणि माझी खरी अडचण ही, की ओळखीच्या माणसाला "आधी तपासून घेऊ" असं म्हणायचं कसं? – एक वाचक, सांगली

उत्तर:

ताई, स्वतःच्या पैशांनी स्वतःसाठी हिरा घ्यायचा ठरवलात, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. जुना हिरा घ्यायचा विचारही योग्य आहे. नवा हिरा दुकानाबाहेर पडला की त्याची विकायची किंमत लगेच खाली येते. तो तोटा पहिल्या मालकानं सोसलेला असतो आणि दुसऱ्या मालकाला तोच हिरा कमी पैशांत मिळू शकतो. वापरलेला असला तरी हिरा झिजून जुना होत नाही. पण १ लाख ४० हजारांना ही अंगठी घेऊ नका. का, ते पावती समोर ठेवूनच सांगते.

पावतीच्या फोटोत चार रकमा आहेत. सोनं जेमतेम १० हजारांचं, घडणावळ ४ हजार, हिरा १ लाख ४२ हजार आणि वर ३ टक्के जीएसटी. सोनं तिपटीवर गेलं हे नणंदबाईंचं म्हणणं खरंच आहे, पण ते त्या १० हजारांपुरतंच खरं. १ लाख ४२ हजारांचा भाग हिऱ्याचा, आणि हिऱ्याचा भाव सोन्याच्या भावाबरोबर चालत नाही. उलट २०२२च्या सुरुवातीला चढलेले हिऱ्यांचे भाव त्यानंतर बरेच उतरले. प्रयोगशाळेत वाढवलेले हिरे स्वस्त होत गेले आणि अंगठीच्या गिऱ्हाइकातला मोठा वाटा तिकडे वळला. म्हणून "पावतीपेक्षा वीस हजार कमी" या बोलण्याला अर्थ राहत नाही. त्या पावतीत दुकानाचा नफा, भाडं, जाहिरात आणि कर सगळं आहे. ते पैसे २०१९ साली खर्च होऊन गेले, हिऱ्यात साठून राहिलेले नाहीत.

मग रास्त किंमत कशी काढायची? दोन टोकं शोधा. वरचं टोक म्हणजे असाच नवा हिरा बसवलेली अंगठी आज दुकानात कितीला पडेल. खालचं टोक म्हणजे हीच अंगठी नणंदबाईंनी आज पेढीवर नेली तर त्यांच्या हातात किती येईल. तुमचा सौदा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसला पाहिजे, नाहीतर दोघींपैकी एकीचा तरी त्यात तोटा आहे.

वरच्या टोकासाठी सर्टिफिकेटवरची ओळ जशीच्या तशी घ्या: गोल, ०.५२ कॅरेट, रंग जी, क्लॅरिटी (म्हणजे आतली निर्मळता) व्हीएस २, कट एक्सलंट, फ्लुरोसन्स (अल्ट्राव्हायोलेट उजेडात चमकणं) नाही. तीन ठिकाणी विचारा, की ५० ते ५४ सेंटचा (१०० सेंट म्हणजे १ कॅरेट), जीआयए सर्टिफिकेट असलेला, याच प्रतीचा नैसर्गिक हिरा कितीला? एकही गोष्ट बदलू देऊ नका. "त्याच भावात ई रंगाचा देतो" म्हणाले तर नम्रपणे नको म्हणा, नाहीतर तुलनाच बिघडते. "नैसर्गिक" हा शब्द तर प्रत्येक वेळी उच्चारा. खालच्या टोकासाठी पुण्यातल्या दोन पेढ्यांत विचारा, की असा हिरा विकायला आणला तर काय द्याल? बऱ्याच पेढ्या स्वतः विकलेला हिराच परत घेतात, दुसऱ्याच्या बिलावरचा घेत नाहीत किंवा फक्त सोन्याचे पैसे देतात. तसं उत्तर मिळालं तरी ती माहितीच आहे. उद्या तुम्हाला विकायची वेळ आली तर तुम्हालाही हेच उत्तर मिळणार आहे.

आकडे घालून दाखवते. आकडे समजुतीसाठी धरलेत, खरे तुम्ही चौकशी करून घाला. समजा असा नवा हिरा ९० हजारांना मिळतोय. १८ कॅरेट सोन्याचा भाव ग्रॅमला ९ हजार धरू. अंगठीचं एकूण वजन ३.४० ग्रॅम. त्यात हिऱ्याचं वजन जेमतेम ०.१० ग्रॅम, कारण १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. म्हणजे सोनं ३.३० ग्रॅम, २९,७०० रुपयांचं. घडणावळ ६ हजार आणि ३ टक्के जीएसटी धरला तर कोरी करकरीत अंगठी साधारण १ लाख २९ हजारांना पडते. नणंदबाई वापरलेली अंगठी १ लाख ४० ला देतायत. त्यांना फसवायचं असेल असं मी म्हणत नाही, बहुतेक जण पावती बघूनच आकडा ठरवतात. आता खालचं टोक. पेढीनं हिऱ्याचे ४५ हजार आणि सोन्याचे घट कापून २८ हजार दिले, तर त्यांच्या हातात ७३ हजार येतात. मग ९० ते ९५ हजारांत सौदा झाला तर त्यांना पेढीपेक्षा निदान सतरा हजार जास्त आणि तुम्हाला नव्यापेक्षा निदान चौतीस हजार कमी. असा हिशेब कागदावर मांडून दाखवलात तर घासाघीस केल्यासारखंही वाटत नाही.

हिऱ्याचे दलाल किंवा सराफ बोलताना "रॅपला चाळीस बॅक" असं काही म्हणाले तर गोंधळू नका. हिऱ्यांचे व्यापारी मार्टिन रॅपापोर्ट यांनी १९७८मध्ये सुरू केलेली भावाची यादी दर आठवड्याला निघते, तिलाच "रॅप" म्हणतात. तीत वजनाचा गट, रंग आणि क्लॅरिटी यांप्रमाणे कॅरेटचा भाव डॉलरमध्ये असतो. व्यापारी त्या भावातून टक्के वजा करून बोलतात, त्याला "बॅक" म्हणायचं. यादीतला भाव हा विक्रीचा भाव नव्हे, मोजायला एक खूण आहे. कोणी ती यादी पुढे करून "बघा, भाव तर इतका आहे" म्हणालं, तर "किती बॅकनं देताय?" एवढं विचारा.

आता तपासणी. माझं सगळ्यात ठाम मत इथेच आहे, आणि त्यात तडजोड करू नका: हिरा कोंदणातून काढून, सुटा तपासल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

अंगठीत बसलेल्या हिऱ्याचं वजन अंदाजाचंच असतं. पिवळ्या सोन्याची झाक हिऱ्यात उतरते, त्यामुळे रंग नीट ठरत नाही. कडेचा टवका प्रॉन्गखाली, म्हणजे हिरा धरून ठेवणाऱ्या नखीखाली, लपू शकतो. जीआयए तर बसवलेल्या हिऱ्याला सर्टिफिकेटच देत नाही, सुटा हिराच लागतो. हिरा सगळ्यात कठीण, म्हणून त्याला काही होत नाही असा समज आहे. ओरखडा सहज पडत नाही हे खरं. पण ठरावीक दिशांनी हिरा दुभंगतो, आणि ओट्यावर किंवा दाराच्या कडीवर नेमका फटका बसला तर कडेचा कपचा उडतो. तुमचं सर्टिफिकेट २०१९चं आहे. त्यानंतर ती अंगठी बोटात किती आणि कशी वापरली, हे सर्टिफिकेटला माहीत नाही. या हिऱ्याच्या बाबतीत तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण तो ५२ सेंटचा आहे. टवका घालवायला पुन्हा घासावा लागला आणि वजन ४९ सेंटवर आलं, तर तो अर्ध्या कॅरेटच्या गटातून खाली जातो आणि कॅरेटचा भावच बदलतो.

पुण्यात हे काम असं करा. नणंदबाई, तुम्ही आणि तुमच्या ओळखीचा एक सराफ, तिघंही हजर असा. अंगठी आधी कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशनं धुवून घ्या. हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर चिकटतो. खाणीत हिरे वेगळे काढायला ग्रीस लावलेले पट्टे वापरत ते याच गुणामुळे. मागच्या बाजूला साय धरावी तसा थर बसतो आणि चांगला हिरा मलूल दिसतो. धुतल्यावर कारागीर प्रॉन्ग उचलेल आणि खडा पांढऱ्या कागदावर येईल. तो कॅरेटच्या काट्यावर ठेवायला सांगा आणि आकडा तुमच्या डोळ्यांनी वाचा. ०.५२ यायला हवा. मग गेजनं माप घ्या. तुमच्या सर्टिफिकेटवर व्यास ५.१५ ते ५.१८ आणि खोली ३.१९ मिलिमीटर लिहिली आहे. शेवटच्या अंकात केसभर फरक समजू शकतो. पण व्यास ५.०५ भरला, तर वजन जुळूनही तो हिरा वेगळा.

त्यानंतर नंबर. या छोट्या आकाराच्या सर्टिफिकेटला जीआयए डॉसियर म्हणतात. त्यासोबतच्या हिऱ्याच्या गर्डलवर, म्हणजे जिथे वरचे आणि खालचे पैलू मिळतात त्या कडेवर, लेसरनं नंबर कोरलेला असतो. साध्या दहापटी लूपमधून, म्हणजे सराफाच्या भिंगातून, तो बारीक राखाडी रेघेसारखा दिसतो, वाचायला वीसपट भिंग बरं. खडा चिमट्यात आडवा धरून हळूहळू फिरवायचा. तो नंबर तुमच्या मोबाइलवर जीआयएच्या संकेतस्थळावर टाका. विक्रेत्यानं पाठवलेली लिंक वापरू नका, पत्ता स्वतः टाइप करा. तिथे उघडणारं वजन, मापं, रंग, क्लॅरिटी हातातल्या कागदाशी पडताळा. डॉसियरमध्ये दोषांचा नकाशा नसतो, पण कोणते दोष आहेत त्यांची नावं असतात. तुमच्या कागदावर "क्रिस्टल" आणि "फेदर" लिहिलंय, म्हणजे आत एक छोटा स्फटिक आणि एक पिसासारखी भेग. सराफाला लूपमधून ते शोधून तुम्हाला दाखवायला सांगा. शेवटी अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. साधारण चारांत एखादा हिरा निळा चमकतो. तुमच्या कागदावर फ्लुरोसन्स नाही असं आहे, तेव्हा हा चमकायला नको.

नंबर जुळला म्हणजे झालं, असं मात्र समजू नका. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यावर एखाद्या खऱ्या नैसर्गिक हिऱ्याचा नंबर कोरल्याची प्रकरणं जीआयएच्याच तपासणीत उघड झाली आहेत. नंबर कोरायचं यंत्र कोणी विकत घेऊ शकतं. म्हणूनच वजन, माप, दोष आणि चमक, सगळं जुळवायचं. आणि इतकं जुळूनही, लाखाच्या घरातला व्यवहार असल्यामुळे, हिरा एकदा प्रयोगशाळेत जाऊ द्या. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात जीआयएची प्रयोगशाळा आहे, शिवाय मुंबईत आयजीआय आणि जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या तपासणीच्या संस्थाही आहेत. स्वतः जायची गरज नाही, पुण्या-मुंबईचे सराफ खडे नेहमी पाठवतात. फी किती आणि दिवस किती हे आधी विचारून घ्या. फी कोणी द्यायची तेही आधीच ठरवा. माझ्या मते, कागदाप्रमाणे हिरा निघाला तर तुम्ही द्यावी, वेगळा निघाला तर त्यांनी.

डायमंड टेस्टर नावाचं पेनासारखं यंत्र बहुतेक दुकानांत असतं. ते पीप वाजलं की लोक निश्चिंत होतात. ते यंत्र उष्णता किती लवकर वाहून जाते एवढंच मोजतं. अमेरिकन डायमंड, म्हणजे क्युबिक झिर्कोनिया, त्यात पकडला जातो. मोइसॅनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा दुसरा खडा, मात्र उष्णतेच्या टेस्टरला हिराच वाटतो, त्यासाठी वीजवहनाची वेगळी चाचणी लागते. आणि सीव्हीडी किंवा एचपीएचटी पद्धतीनं वाढवलेला हिरा हा रसायनानं हिराच, तोही कार्बन, म्हणून टेस्टर वाजणारच. त्याची ओळख प्रयोगशाळेतल्या यंत्रांनाच पटते. फुंकर मारून वाफ किती लवकर उडते, पाण्यात बुडतो का, वर्तमानपत्राची अक्षरं आरपार दिसतात का, या घरगुती परीक्षांच्या भरवशावर एक रुपयाही देऊ नका. वाढवलेला हिरा घ्यायला माझा विरोध नाही. हौसेनं घेतात, छान दिसतो. पण त्याचे भाव इतके कोसळले आहेत की नैसर्गिक म्हणून घेतलेला हिरा वाढवलेला निघाला, तर तुमचे बहुतेक पैसे बुडाले.

तुमच्याकडे जीआयएचा कागद आहे हे बरं. पुढेमागे दुसरी अंगठी बघाल तेव्हा सर्टिफिकेट कोणाचं, हे जरूर बघा. सगळ्या संस्था सारख्या कडक नाहीत. ईजीएल या नावानं मिळणाऱ्या जुन्या सर्टिफिकेटांत रंग आणि क्लॅरिटी इतकी सैल हातानं दिलेली असे की २०१४मध्ये रॅपनेट या व्यापारी बाजारानं ती सर्टिफिकेटं आपल्या यादीतून काढून टाकली. असा कागद असलेला हिरा वाईटच असतो असं नाही, पण भाव कागदावरच्या प्रतीचा न देता पुन्हा तपासून निघालेल्या प्रतीचा द्यायचा. आणि दुकानाच्या स्वतःच्या छापील कार्डावर "ईएफ-व्हीव्हीएस" लिहिलेलं असेल, तर ते दुकानाचं म्हणणं झालं, तपासणी नव्हे.

सोन्याकडेही एक नजर टाका. अंगठीच्या आतल्या बाजूला १८के७५० असा छाप हवा. २०१९च्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळखनंबर, नसेल तर घाबरू नका, तो २०२१च्या जुलैपासून आला. असेल तर बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. नसेल तर सराफाकडच्या कॅरेटोमीटरवर दोन मिनिटांत सोन्याची शुद्धता कळते.

आता तुमची खरी अडचण: म्हणायचं कसं? मैत्रिणीमार्फत निरोप पाठवू नका. निरोपाच्या वाटेत शब्द बदलतात आणि "तिचा विश्वास नाही" एवढंच पोचतं. नणंदबाईंना स्वतः फोन करा. "वहिनी, मला अंगठी आवडली आहे. एवढी रक्कम मी पहिल्यांदाच दागिन्यात घालतेय. खडा एकदा सुटा करून मुंबईला तपासून घेऊ, तुम्ही समोर असा, कागदाप्रमाणे निघाला तर फी मी देते. ठीक आलं की त्याच दिवशी पैसे तुमच्या खात्यात." यात त्यांच्यावर संशय कुठेच नाही. शिवाय त्यांच्याही फायद्याचं आहे. कदाचित त्यांनाच ठाऊक नसेल की मधल्या काळात अंगठी दुरुस्तीला दिली तेव्हा खडा बदलला गेला का. हिरा पाठवताना वजन, मापं आणि नंबर लिहिलेली पोच सराफाकडून त्यांच्या नावानं घ्या, म्हणजे खडा वाटेत बदलण्याची भीती त्यांनाही राहणार नाही. इतकं नीट सांगूनही त्या खडा काढू द्यायला तयार नसतील, तर अंगठी सोडून द्या. कारण काहीही असो, विचारत बसू नका. मैत्री त्यानं तुटत नाही. पैसे दिल्यानंतर हिरा खोटा निघाला तर मात्र नक्की तुटते.

पावती नवऱ्याच्या नावावर आहे, त्याचंही नीट करून घ्या. बायकोला दिलेली अंगठी ही तिचं स्त्रीधन, विकायचा हक्क तिचाच. पण कागदावर नाव त्यांचं आहे, म्हणून विक्रीच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. त्या जोडप्यात काही वाद किंवा कोर्टाचं प्रकरण चालू आहे असं तुमच्या कानावर असेल, तर या अंगठीच्या वाटेला जाऊ नका. विकणाऱ्याचाच हक्क पक्का नसेल तर घेणाऱ्यालाही पक्का हक्क मिळत नाही, १९३०च्या माल विक्री कायद्याचं तत्त्वच तसं आहे. चोरीचा माल निघाला तर पोलीस तो तुमच्याकडून घेऊन जातात आणि दिलेल्या पैशांसाठी तुम्ही फिरत बसता.

कागद साधा असला तरी चालेल, पण त्यात हे सगळं यायला हवं. दोन्हीकडची नावं, पत्ते, पॅन, तारीख, रक्कम. हिऱ्याचं वजन, मापं, जीआयए नंबर. सोन्याचं निव्वळ वजन. आणि एक वाक्य स्पष्ट: "हा हिरा नैसर्गिक असून त्यावर कोणतीही प्रक्रिया केलेली नाही. तसं नसल्याचं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत आढळल्यास पूर्ण रक्कम परत करीन." प्रक्रियेचा उल्लेख यासाठी की काही हिऱ्यांतल्या भेगा काचेसारख्या पदार्थानं भरलेल्या असतात, काहींचा रंग तापवून किंवा किरणोत्सर्गानं बदललेला असतो, आणि अशा हिऱ्याची किंमत खूप कमी असते. मूळ पावती, मूळ सर्टिफिकेट आणि नवा तपासणीचा अहवाल त्या कागदाला जोडून ठेवा. पैसे चेकनं किंवा एनईएफटीनं, आणि नणंदबाईंच्याच खात्यात. "भावाच्या खात्यावर टाका" म्हटलं तर नाही म्हणा. रोखीनं तर अजिबात नको. दुकानाकडून घेतलं असतं तर ग्राहक आयोगाकडे जाता आलं असतं. घरगुती विक्रीत तो आधार धरता येत नाही, म्हणून हा कागदच तुमचा आधार. त्या कॅनडाला जाण्याआधी घाईघाईनं उरकू म्हणाल्या तरी तपासणीचे दिवस कमी करू नका. वेळ नसेल तर त्यांच्या घरचं कोणी इथे हजर राहू शकतं.

सासूबाईंचं म्हणणं. हिरा लाभतो की नाही हे बघायला काही दिवस उशाशी ठेवायची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि कित्येक सराफ त्यासाठी आजही खडा घरी देतात. मी स्वतः शुभ-अशुभ मानत नाही. पण घरातल्या मोठ्या माणसाच्या मनात शंका राहिली आणि अंगठी घातली की रोज ती नजर तुमच्यावर आली, तर अंगठी कपाटातच राहील, हेही मला दिसतं. त्यांना एक गोष्ट सांगून बघा. दुकानं परत घेतलेले हिरे बाजारात पुन्हा येतात, नव्या सर्टिफिकेटसह नव्या अंगठीत बसतात. कोऱ्या डबीतला हिराही आधी कोणाच्या हातात नव्हता, अशी हमी कोणी देत नाही. नणंदबाई आनंदानं, स्वतःच्या मर्जीनं देतायत, तेव्हा त्यात कोणाचा तळतळाट नाही, हेही सांगा. हवं तर हिरा तपासून आल्यावर, अंगठीत बसवण्याआधी, तो त्यांच्या हातात द्या आणि देवापुढे ठेवायला सांगा. त्यानंतरही त्यांचं मन तयार झालं नाही, तर निर्णय तुमचा, पैसे तुमचे.

राहिल्या कुड्या. त्यांचा हिशेबच वेगळा आहे. काकूंनी सांगितल्याप्रमाणे त्या १९६२च्या सुमारास घडवल्या असतील, तर एक गोष्ट सोपी होते: मूळ खडे वाढवलेले हिरे नसणार, आणि अमेरिकन डायमंडही नसणार, कारण तो बाजारात आला तोच १९७६च्या सुमारास. पण साठ वर्षांत एखादा खडा पडतो, आणि सोनार हातात असेल तो बसवून देतो. चौदाच्या चौदा खड्यांवर एकेक करून टेस्टर लावायला सांगा आणि दिवसाच्या उजेडात दोन्ही कुड्या शेजारी धरा. एखादा खडा बाकीच्यांपेक्षा जास्त रंगीत झगमगाट करत असेल, कडा फारच गुळगुळीत किंवा फारच नव्या वाटत असतील, तर तो नंतरचा. मागून बंद कोंदण असेल तर आत चकाकणारा पत्रा असू शकतो आणि रंग कळत नाही. खडे सगळे एकदम काढायला लावू नका, जुनं कोंदण पुन्हा तसं बसत नाही. मधला एक काढून बघितला तरी अंदाज येतो. ३ मिलिमीटरचा गोल खडा साधारण १० सेंटचा. त्यावरून एकूण कॅरेट काढता येतील, पण जुन्या घाटाचे खडे थोडे जाडे असतात, तेव्हा वजन वरखाली होईल.

अशा बारीक, कागद नसलेल्या हिऱ्यांना सॉलिटेअरच्या भावाचा नियम लागत नाही. पेढीवर त्यांचे फार कमी पैसे येतात, कधी नुसत्या सोन्याचेच. म्हणून घ्यायच्या तर घालायला घ्या, पुढे विकून फायदा होईल या आशेनं नको. सांगलीतल्या दोन पेढ्यांत काकूंना सोबत घेऊन जा, मोडीचा भाव त्यांच्यासमोरच काढा, आणि त्यावर तुम्हाला झेपेल तितकी रक्कम घालून द्या. कामाची आणि घडणीची किंमत पेढी करणार नाही, ती तुम्ही करा. आणि बोलणी पक्की करण्याआधी काकूंच्या मुलाला आणि सुनेला एकदा घरी बोलवून, काकूंच्या देखत सगळं सांगा. सासूच्या कुड्या सुनेला हव्या असतात आणि तिनं ते कधी बोलून दाखवलेलं नसतं, असं मी बऱ्याच घरांत बघितलंय. त्यांना नको असतील, तर मग त्यांचीही सही कागदावर घ्या.